यी पेंगसाठी चिआंग माईला जाताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

साधारण नोव्हेंबरच्या पौर्णिमेला, यी पेंग या कंदिलांच्या सणात, उत्तर थायलंडातल्या चिआंग माईमध्ये हजारो कंदील एकदम आकाशात चढतात. त्याचा फोटो बघून बरेच जण आधी विमानाचं तिकीट काढतात आणि चौकशी नंतर करतात. तिथेच घोळ सुरू होतो. पोहोचल्यावर कळतं, की तो फोटो शहरातला नव्हताच. तो शहराबाहेरच्या एका खासगी कार्यक्रमातला होता आणि त्याची तिकिटं कधीच संपली आहेत. किंवा हॉटेल नदीपासून लांब पडतं आणि त्या रात्री रिक्षाही मिळत नाही. किंवा परतीचं विमान नेमकं उत्सवाच्या संध्याकाळचं असतं आणि ते रद्द होतं.

यातली प्रत्येक अडचण टाळता येते, फक्त कामं योग्य क्रमाने करायला हवीत. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत.

टप्पा १: तुम्हाला नक्की काय बघायचंय ते ठरवा

एकाच पौर्णिमेला तिथे दोन गोष्टी चालतात. एक म्हणजे शहराचा सण. विहारांमध्ये मातीच्या पणत्या लागतात, दारांवर आणि रस्त्यांवर कागदी-कापडी कंदील टांगले जातात, पिंग नदीत केळीच्या पानांचे क्रथोंग, म्हणजे मेणबत्ती लावलेल्या छोट्या तरंगत्या परड्या, सोडतात, जुन्या शहराच्या ता फे वेशीकडून मिरवणूक निघते. याला तिकीट नाही. उत्तर थायलंडच्या जुन्या लान्ना राज्याच्या परंपरेतला यी पेंग आणि देशभरातला लोय क्रथोंग हे दोन्ही सण इथे एकाच वेळी साजरे होतात.

दुसरी गोष्ट म्हणजे तिकीट लावून होणारे कार्यक्रम. शहराबाहेरच्या मोकळ्या जागेत हजारो लोकांना बसवतात, भिक्खूंचं सूत्रपठण होतं, जेवण असतं आणि ठरलेल्या क्षणी सगळे मिळून कंदील सोडतात. व्हायरल होणारे फोटो बहुतेक इथलेच असतात.

माझं मत स्पष्ट आहे. हा बौद्ध सण अनुभवायचा असेल तर शहर आणि तिथले विहार हा मुख्य बेत ठेवा, आणि तिकिटाचा कार्यक्रम ही वरची एक संध्याकाळ माना. फक्त तिकिटाच्या कार्यक्रमासाठी गेलेला माणूस एक देखणा सोहळा बघून येतो, पण सण त्याच्या हातून निसटतो.

सावधान: तिकिटाच्या कार्यक्रमाला दुपारीच निघावं लागतं आणि परत यायला मध्यरात्र होते. त्या संध्याकाळी नदीवर जाता येईल असं समजू नका. दोन्ही हवं असेल तर उत्सवाच्या दोन रात्री हाताशी असायला हव्यात.

टप्पा २: तारीख पक्की करा

सण थाई चांद्र पंचांगातल्या बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला येतो. बहुतेक वर्षी ती आपली कार्तिकी पौर्णिमा, म्हणजे त्रिपुरी पौर्णिमाच असते. २०२२ मध्ये ८ नोव्हेंबर, २०२३ मध्ये २७ नोव्हेंबर आणि २०२४ मध्ये १५ नोव्हेंबर या तारखा दोन्हीकडे जुळल्या. २०२६ मध्ये त्रिपुरी पौर्णिमा २४ नोव्हेंबरला आहे. त्यामुळे पहिला अंदाज घरच्या कालनिर्णयवरून घेता येतो.

पण फक्त अंदाजच. आपला अधिक महिना आणि थाई पंचांगातला अधिक महिना दर वेळी एकाच वर्षी येत नाहीत. २०२० साली आपल्याकडे अधिक आश्विन आला आणि कार्तिकी पौर्णिमा ३० नोव्हेंबरला गेली. थायलंडात मात्र लोय क्रथोंग ३१ ऑक्टोबरलाच होऊन गेला होता. आपल्या पंचांगावर विसंबून त्या वर्षी कुणी बेत आखला असता, तर सण संपल्यावर महिन्याने पोहोचला असता.

तपासणी: थायलंडच्या पर्यटन प्राधिकरणाने दिलेली त्या वर्षीची तारीख बघा. शहरातले कार्यक्रम साधारण दोन-तीन दिवस चालतात, त्यामुळे पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी तिथे असणं आणि नंतरचा एक पूर्ण दिवस मोकळा ठेवणं हा किमान बेत. एकूण चार रात्री धरा.

टप्पा ३: तिकिटाचा कार्यक्रम घ्यायचा असेल तर आत्ता घ्या

विमान आणि हॉटेल यांच्या आधी. कारण कार्यक्रम कोणत्या रात्री मिळतो, त्यावर बाकीचं ठरतं. चांगल्या जागा कित्येक महिने आधी जातात आणि दर माणशी काही हजार बाटांच्या (थाई चलन) घरात असतात. पैसे भरण्याआधी आयोजकाकडून ही उत्तरं लेखी घ्या:

- कार्यक्रम कोणत्या तारखेला आणि शहरापासून किती अंतरावर आहे?
- जाण्या-येण्याची गाडी तिकिटात धरली आहे का, आणि ती शहरात कुठून सुटते?
- माणशी किती कंदील मिळतात?
- शाकाहारी जेवण आधी सांगून मिळतं का?
- पावसामुळे किंवा सरकारी आदेशाने कंदील सोडणं रद्द झालं तर पैसे परत मिळतात का?
- लहान मुलांना प्रवेश आहे का, आणि त्यांचं पूर्ण तिकीट लागतं का?

शेवटून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा 'नाही' असं येतं. ते माहीत असूनही घ्यायचं असेल तर घ्या.

सावधान: समाजमाध्यमांवर 'माझं तिकीट विकायचंय' म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला पैसे पाठवू नका. आयोजकाची स्वतःची साइट किंवा नावाजलेली बुकिंग साइट एवढंच धरा.

टप्पा ४: राहायची जागा

चिआंग माईचं जुनं शहर चौकोनी आहे आणि त्याच्या चारही बाजूंना खंदक आहे. पूर्वेकडच्या बाजूला ता फे वेस आहे. तिथून ता फे रोड सरळ पिंग नदीवरच्या नवारत पुलापर्यंत जातो. जुन्या शहराचा पूर्व भाग किंवा वेस आणि नदी यांच्या मधला पट्टा, एवढ्यातच खोली शोधा. उत्सवाच्या रात्री नदीकडचे रस्ते गाड्यांना बंद होतात, गर्दीत अॅपवरची गाडी हाताशी येत नाही. त्यामुळे पायी हॉटेलवर पोहोचता येणं ही चैन नाही, गरज आहे.

निम्मान भाग फार छान आहे, कॅफे आणि दुकानं भरपूर आहेत, म्हणून अनेक जण तिथे खोली घेतात. बाकी वर्षभर उत्तम. या सणाला मात्र तो नदीच्या नेमक्या उलट्या बाजूला पडतो.

तपासणी: नकाशावर हॉटेलपासून नवारत पुलापर्यंतचं पायी अंतर मोजा. आई-वडील किंवा मुलं बरोबर असतील तर ते २० मिनिटांच्या आत असावं.

टप्पा ५: विमान

चिआंग माईचा विमानतळ शहराला अगदी लागून आहे, जुन्या शहरापासून जेमतेम चार-पाच किलोमीटर. आकाशात कंदील असताना विमानं उतरवणं धोक्याचं असतं. म्हणून सणाच्या संध्याकाळची कित्येक उड्डाणं दर वर्षी रद्द होतात किंवा त्यांच्या वेळा बदलतात. उत्सवाच्या दिवसांत दुपारनंतर येणारं किंवा जाणारं कोणतंही विमान घेऊ नका.

मुंबईहून बहुतेकांना बँकॉकला विमान बदलावं लागतं. बँकॉकला दोन विमानतळ आहेत: सुवर्णभूमी आणि डॉन म्युआंग. मुंबईचं विमान एकावर उतरतं आणि स्वस्तातलं चिआंग माईचं विमान दुसऱ्यावरून सुटतं, हे तिकीट काढताना लक्षात येत नाही. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर बॅग स्वतः घेऊन, इमिग्रेशन पार करून, शहर ओलांडून जावं लागतं. एकाच विमानतळावरून दोन्ही विमानं मिळाली तर दोन पैसे जास्त द्या. तसं जमलंच नाही तर मध्ये किमान पाच-सहा तास ठेवा.

बँकॉकहून रात्रीची रेल्वेही आहे. ती बारा-तेरा तास घेते, झोपायला बर्थ मिळतो आणि कंदिलांमुळे रद्द होत नाही. सणाच्या आठवड्यातले बर्थ लवकर संपतात, म्हणून आरक्षण खुलं होताच करा.

टप्पा ६: कागदपत्रं

पासपोर्ट प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने वैध हवा. जुलै २०२४ पासून भारतीय पासपोर्टवर ६० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय पर्यटनाची सवलत सुरू झाली. पण या सवलतींचे नियम वारंवार बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी आणि निघण्याच्या आठवडाभर आधी, असं दोनदा थाई दूतावासाच्या साइटवर बघून घ्या.

१ मे २०२५ पासून डिजिटल आगमन पत्र सक्तीचं आहे. ते उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं आणि त्याला एक पैसाही लागत नाही. पैसे मागणाऱ्या हुबेहूब दिसणाऱ्या साइट आहेत, त्यांच्यापासून दूर राहा. प्रत्येक माणसाचं, अगदी तान्ह्या बाळाचंही, वेगळं पत्र लागतं.

परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापून बरोबर ठेवा. पुरेसे पैसे असल्याचंही इमिग्रेशनवर विचारू शकतात. आणि कुणाकडे ई-सिगारेट असेल तर ती घरीच राहू द्या, थायलंडात तिच्यावर बंदी आहे.

टप्पा ७: बॅग, पैसे, जेवण

कपडे सुती घ्या. आगीजवळ वावरायचं आहे, त्यामुळे नायलॉनची ओढणी किंवा झुळझुळीत जॅकेट नको. विहारात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पायात सहज काढता येतील अशा चपला किंवा सँडल घ्या, त्या संध्याकाळी त्या अनेकदा काढाव्या लागतात. लायटर आणि काडेपेटी विमानात चालत नाही. तिथल्या कोणत्याही छोट्या दुकानात लांब नळीचा लायटर मिळतो, तो घ्या. ड्रोन नेऊ नका.

नदीकाठच्या विक्रेत्यांकडे सुटे बाट लागतात. तिथल्या एटीएमवर परदेशी कार्डाला प्रत्येक वेळी २०० बाटांहून जास्त शुल्क पडतं, म्हणून थोडं थोडं काढत बसण्यापेक्षा एकदाच काढा.

शाकाहारी लोकांची नेहमीची चूक म्हणजे 'मांस नको' एवढंच सांगणं. मग भाजीत माशाचं सॉस येतं, कारण तिथे त्याला मांस कुणी समजत नाही. 'किन जे' असं सांगा. 'जे' जेवणात मांस, मासे, अंडी, दूध आणि कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन मंडळींचीही बरीच सोय होते, कंदमुळं मात्र असू शकतात. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर असलेली दुकानं ती हीच. चिआंग माईचा नारळाच्या दुधातला 'खाओ सोय' नूडल्सचा रस्सा 'जे' प्रकारातही मिळतो, तो चुकवू नका.

टप्पा ८: सणाचा दिवस विहारापासून सुरू करा

लोक थेट संध्याकाळी नदीवर जातात आणि विहार राहून जातात. सकाळ आणि दुपार विहारांना द्या. वात फ्रा सिंग आणि वात चेदी लुआंग ('वात' म्हणजे विहार) जुन्या शहरातच आहेत. विहारांच्या आणि घरांच्या दारांवर केळीचे खुंट, उसाची कांडी आणि नारळाच्या झावळ्या बांधून कमानी केलेल्या दिसतील, जणू अरण्याचं दारच. त्या वेस्संतर जातकाशी, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माच्या कथेशी, जोडलेल्या आहेत: दानशूर राजपुत्र वनवास संपवून नगरात परत येतो, त्याच्या स्वागताची ती सजावट. यी पेंगच्या दिवसांत अनेक विहारांत याच जातकाचं पठण होतं. महाराष्ट्रातल्या ज्या उपासकांनी ही कथा विहारात ऐकली आहे, त्यांना भाषा कळली नाही तरी कुठे बसलोय ते पक्कं कळेल. पावसाळ्यातल्या वर्षावासानंतरचा 'कठिन' चीवरदानाचा, म्हणजे भिक्खूंना वस्त्रं देण्याचा, महिनाही याच पौर्णिमेला संपतो, त्यामुळे कुठे चीवरदानाचा समारंभ चालू असला तर मागे शांत बसून बघता येतो.

आत गेल्यावर पाय मूर्तीच्या दिशेने पसरू नका, मांडी किंवा पाय मागे घेऊन बसा. स्त्रियांनी भिक्खूंना स्पर्श करू नये आणि हातात थेट वस्तू देऊ नये, समोर ठेवावी. पठण चालू असताना भिक्खूंच्या पुढे उभं राहून फोटो काढणं हा तिथल्या भाविकांना सर्वांत जास्त खुपणारा प्रकार आहे.

चेदी लुआंगच्या शेजारी सागवानी विहाराचं वात फान ताओ आहे. त्याच्या मागच्या तळ्याभोवती पणत्या लावून होणाऱ्या सोहळ्याचे फोटो प्रसिद्ध आहेत. मात्र तिथली वेळ आणि प्रवेशाची पद्धत दर वर्षी सारखी नसते. आदल्या दिवशी विहारात जाऊन विचारा आणि सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी पोहोचा.

तपासणी: दुपारी चार वाजता हॉटेलवर परत या. जेवण, पाणी, फोन चार्ज. सहानंतर ही कामं होत नाहीत.

टप्पा ९: कंदील सोडणं

आधी कायदा. शहरात वाटेल तिथे, वाटेल तेव्हा उडता कंदील सोडता येत नाही. कोणत्या भागात आणि किती ते किती वाजेपर्यंत, हे स्थानिक प्रशासन दर वर्षी जाहीर करतं, आणि विमानतळाजवळच्या भागांत बंदी असते. नियम मोडला तर दंड आणि तुरुंग दोन्ही होऊ शकतात. रस्त्यावर कुणी कंदील विकतोय म्हणजे तो तिथे सोडायला परवानगी आहे असं मुळीच नाही. हॉटेलच्या माणसाला विचारा, त्यांच्याकडे त्या वर्षीचा आदेश असतो.

परवानगीच्या जागी असाल तर पुढचा क्रम पाळा.

१. वर बघा. तारा, झाडं, छपरं नकोत. वारा जाणवत असेल तर थांबा.

२. कंदील हलक्या हाताने पूर्ण उलगडा. कागद फार पातळ असतो. घडीत फाटला असेल तर तो कंदील वापरू नका, वर जाऊन पेटतो.

३. दोघांनी वरची टोकं धरून तो उभा ताणा. तिसऱ्याने खाली वाकून मधल्या मेणाच्या कड्याला चारही बाजूंनी आग लावा. एकाच बाजूला लावलं तर कंदील तिरका होतो आणि ज्योत कागदाला लागते.

४. कडं नीट पेटलं की वरची टोकं सोडून खालची रिंग धरा आणि कंदील जमिनीजवळच ठेवा. इथेच सगळ्यांची घाई होते. आत गरम हवा भरायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. कागदाच्या सुरकुत्या एकेक करून जातात, आधी वरचा भाग फुगतो आणि मग कडा ताठ होतात.

५. रिंग हाताला वर ओढू लागली की छातीपर्यंत उचला. ओढ कायम राहिली तर सगळ्यांनी एकदम बोटं उघडा. वर ढकलू नका. ओढ नसताना ढकललेला कंदील पाच-सात फुटांवरून शेजारच्याच्या डोक्यावर येतो.

सावधान: केस बांधलेले, ओढणी खोचलेली, मुलं एक हात लांब. खाली फटाके बांधलेले कंदील घेऊ नका.

हे कंदील पुढे शेतात, छपरांवर आणि झाडांत पडतात, गुरं ती तार खातात. म्हणून माणशी एकच सोडा. किंवा न सोडता विहारात मातीच्या पणत्या लावा. सणाचा जुना आणि घरगुती भाग तोच आहे.

टप्पा १०: क्रथोंग

केळीच्या खुंटाची चकती, तिच्याभोवती दुमडलेली पानं, वर फुलं, एक मेणबत्ती आणि उदबत्त्या. असाच क्रथोंग घ्या. थर्मोकोलचा नको. माशांना खाता येणारे ब्रेडचेही मिळतात. दुपारी अनेक विहारांत आणि हॉटेलांत तो स्वतः करायला शिकवतात, त्याला अर्धा-पाऊण तास लागतो.

नवारत पुलावर गर्दी सर्वांत जास्त असते आणि पुलावरून क्रथोंग सोडताच येत नाही. पुलापासून थोडं दूर जाऊन नदीकाठच्या एखाद्या विहाराच्या पायऱ्या गाठा. मेणबत्ती आणि उदबत्त्या वरच्या पायरीवरच पेटवा, खाली वारा असतो. क्रथोंग कपाळाला लावा, मनातलं म्हणा, मग बसून तो पाण्यावर टेकवा आणि हलकेच पुढे लोटा. पायऱ्यांवर मेण आणि चिखल असतो, त्यामुळे शेवटच्या पायरीवर उभं राहू नका.

टप्पा ११: परतीची रात्र आणि दुसरा दिवस

मंडळी चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते निघतानाच ठरवा. ता फे वेस नको, तिथे सगळं शहर जमतं. हॉटेलजवळचं एखादं दुकान ठरवा. थकल्यावर लाल सोंगथेव (मागे बाकं असलेली सामायिक गाडी) घ्यायचा असेल तर आधी नदीपासून दहा-पंधरा मिनिटं चालत दूर या आणि बसण्यापूर्वी भाडं ठरवा.

दुसऱ्या दिवशी लाम्फून गाठा. ते चिआंग माईपासून २५-३० किलोमीटरवर आहे आणि सोंगथेव, व्हॅन, रेल्वे तिन्ही जातात. तिथल्या वात फ्रा थात हरिपुंचाय विहारात सोनेरी चैत्याभोवती रांगांवर रांगा टांगत्या कंदिलांच्या असतात. भाविक कंदील विकत घेतात, त्याला जोडलेल्या चिठ्ठीवर घरच्यांची नावं लिहितात आणि विहारातली माणसं तो दोरीवर चढवतात. गर्दी चिआंग माईपेक्षा खूप कमी, त्यामुळे वडीलधाऱ्यांना इथे निवांत बसता येतं. दुपारी उशिरा पोहोचा, म्हणजे उजेडात चैत्य आणि अंधार पडल्यावर पेटलेले कंदील दोन्ही दिसतील. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र उतरल्याबरोबर विचारून घ्या, किंवा जाण्या-येण्याची एकच टॅक्सी ठरवून तिला थांबायला सांगा.